पासिंगचे टायर

आमच्या व्हॅनचं पासिंग जुलैत यायचं. शाळेची मुलं नेणारी गाडी दर वर्षी मैदानात नेऊन अधिकाऱ्यांना दाखवावी लागते. त्यांनी पास केली तरच पुढचं वर्ष ती रस्त्यावर. भोसरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून ती व्हॅन घेतली होती. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला आणि आम्ही चाळिशीपुढचे सगळे एकदम महाग झालो. गाडी बायको चालवायची. लायसन माझ्याकडेही होतं, पण कर्वेनगरातल्या आया ‘बाई चालवतात’ म्हणून मुलं आमच्याकडे द्यायच्या. माझ्याकडे पेट्रोल, फीची वसुली आणि पासिंग.

पासिंगचा थकवा मैदानातल्या रांगेपेक्षा त्याआधीच्या गॅरेजचा जास्त. तारीख जवळ आली की गॅरेजवाल्याचा आवाज मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा गंभीर व्हायचा. त्या वर्षी त्याने पूर्ण रंग सांगितला, सीट कव्हरं सांगितली, सायलेन्सर, शॉकॲब्सॉर्बर आणि चारही टायर सांगितले. नाही केलं तर फेल, मग पुन्हा रांग आणि तोवर मुलं घरी, हेही सांगितलं.

मी आदल्या आठवड्यात मैदानावर जाऊन कुंपणाशी उभा राहिलो. कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेलेली. तपासणारा कुठे बघतो आणि कुठे बघत नाही, हे मला लांबून कळतं. गाड्या परत जात होत्या त्या किरकोळ गोष्टींवरून. नंबरप्लेटवरचा बल्ब गेलेला, वायपरचं रबर फाटलेलं, मागचा लाल रिफ्लेक्टर निघालेला, हॉर्न बसलेला. रंगावरून कोणाची गाडी परत गेलेली मी पाहिली नाही. घरी येऊन बल्ब बदलला, रबर बदललं, गंज घासून त्यावर ब्रशने पिवळा रंग मारला. सायलेन्सर आणि शॉकॲब्सॉर्बर दुसऱ्या गॅरेजात दाखवले. त्यांना काही झालेलं नव्हतं. कव्हरं बायकोने धुतली. एवढं करून मी मनातल्या मनात गॅरेजवाल्याला चोर ठरवून टाकलं, आणि तिथेच घसरलो. त्याने सांगितलेल्या चार गोष्टी खोट्या निघाल्या म्हणून पाचवीही खोटी, असं मी धरून चाललो.

टायर खरोखर गुळगुळीत झाले होते. बायको पहिल्या पावसापासून सांगत होती, की ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी थांबायच्या आधी थोडी सरकते. मी म्हणायचो, बघू.

गॅरेजवाल्याला मी सगळ्याला नाही म्हणालो तेव्हा तो रागावला नाही. “मग काका, पासिंगचे न्या,” म्हणाला. कोपऱ्यात चार टायर एकावर एक ठेवलेले होते, नक्षी खोल, जवळजवळ नवे. पासिंगच्या दिवसात ते या व्हॅनचे काढून त्या व्हॅनला लागत. मैदानात जायचं, पास व्हायचं, संध्याकाळी परत द्यायचे. भाडं अगदी मामुली. कारखान्यात पुरवठादार नमुन्याला निवडक माल पाठवायचे तेव्हा मी त्यांना उभं करून बोलायचो. ते मला तेव्हा आठवलं. आठवून मी म्हटलं, लावा.

गाडी पास झाली. अधिकाऱ्यांनी टायर वाकून नीट पाहिले, आणि त्यांच्या पाहण्यात काही चूक नव्हती. टायर चांगलेच होते. पण रांग लांबली. मी परतलो तोवर गॅरेज बंद झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी लाइट नसतात म्हणून त्या गल्लीतली सगळी गॅरेजं बंदच. मी गाडी तशीच घरी आणली.

बायको खाली आली. टायर पाहून तिने त्यावरून हात फिरवला, वर गेली आणि हळदकुंकू घेऊन आली. तेव्हाच सांगायला हवं होतं. ती वाकून एकेका चाकाला कुंकू लावत होती आणि मी पाठीमागे उभा राहून तिची छत्री धरली होती.

गुरुवारी दिवसभर रिपरिप होती. ती दुपारी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, की उतारावर एक मोटारसायकलवाला अचानक आडवा आला. कानाला मोबाइल होता त्याच्या.

“गाडी जागच्या जागी थांबली. मागे पोरं गाणी म्हणत होती, ती थांबलीसुद्धा नाहीत.” मग पाणी पिऊन म्हणाली, “बरं झालं तुम्ही टायर घातलेत.”

मी हं म्हणालो. दुपार गेली, संध्याकाळी आम्ही भाजी आणायला बरोबर गेलो, जेवलो. सांगायला मला अख्खा दिवस होता. मला वाटत होतं, सकाळी लवकर उठून आपले जुने टायर परत लावून आणावेत आणि मग सावकाश बोलावं. त्या जुन्या टायरांवर ती मुलं घेऊन निघाली असती, हे मला दिसत होतं आणि तरीही मी तेच ठरवत होतो. याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

शुक्रवारी सकाळी मी दाढी करत असताना फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

“गॅरेजमधून आहे. त्यांचे टायर मागताहेत. दुसरी व्हॅन खोळंबलीय म्हणे.”

मी फोन ठेवला. ती हसली नाही, ओरडली नाही. “अहो, मग राहिलंसाहिलं कुंकू पुसून द्या,” म्हणाली. “लोकांच्या वस्तूवर राहायला नको.”

नंतर खुर्ची ओढून ती फोनपाशी बसली आणि एकेका घरी फोन करू लागली. मला वाटलं, गाडी बिघडली म्हणून सांगेल. ती प्रत्येकीला तेच सांगत होती: आज व्हॅन नाही, टायर चांगले नाहीत, आजच्या दिवस मुलांना तुम्ही सोडा. मी तोंडावरचा साबण वाळेपर्यंत ते ऐकत उभा होतो. एका आईने आमच्याकडून मुलगी काढून घेतली. बाकीच्यांनी नाही काढली.

नवे टायर त्याच दिवशी घेतले. संध्याकाळी तिने ते पाहिले आणि विचारलं, “हे कधीपर्यंत आहेत?” आपलेच आहेत, असं मी सांगितलं. तिने मान हलवली. हळदकुंकू मात्र आणलं नाही.

पुढच्या वर्षीपासून गॅरेजात ती स्वतः जाऊ लागली. गॅरेजवाल्याची सगळी यादी शांतपणे ऐकून घ्यायची आणि एकच विचारायची, यातलं काय केलं नाही तर मुलांना लागेल? तो जरा चुळबुळ करून दोन कामं सांगायचा, क्वचित एक. तेवढंच व्हायचं. माझ्याइतकाच, खरं तर माझ्यापेक्षाही थोडा कमी खर्च यायचा.

बल्ब, वायपर आणि रिफ्लेक्टर अजून मीच बघतो. ते झालं की तिला खाली बोलावतो. ती येते आणि पाहते, पण त्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारून घेते.