कापूस अडकला तिथे

आमच्या घरी उंच पाहुणा आला की आधी कपाळ चोळतो. व्हरांड्यात छताखाली, कापडी पट्ट्यांच्या झोळीत, पोल व्हॉल्टचे, म्हणजे बांबूउडीचे, दोन लांबलचक पोल आडवे टांगलेले असतात. ते भिंतीला टेकवायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत, फरशीवर लोळवायचे नाहीत. माझी बायको शुभांगी निफाडजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मला ताप आला तर ती गोळी हातावर ठेवून कामाला जाते. पोलला ओरखडा आला तर मात्र तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी माझी ड्युटी मैदानावर. उडी मारणाऱ्या मुलीने हात सोडला की पोल जमिनीवर आपटण्याआधी तो झेलायचा. हे काम मी हौसेने करतो, असं शुभांगी सगळ्यांना सांगते.

सरावाआधी ती पोलवरून कापसाचा बोळा फिरवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या बाजूंनी. पोल फायबरचा. तो वाकतो म्हणूनच माणसाला वर फेकतो, आणि कुठे बारीक चीर असेल तर वाकताना तिथूनच मोडू शकतो. डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला सापडते. धागा अडकतो. कॉलेजात असताना शुभांगीच्या मैत्रिणीचा पोल असाच हवेत मोडला. ती गादीऐवजी पोल रोवायच्या लोखंडी खाचेवर पडली. ती आज चालते, संसार करते, पण कुणी मागून हाक मारली की नुसती मान वळवत नाही, अख्खी वळते. त्या दिवसापासून शुभांगीच्या पर्समध्ये पावडर नसली तरी कापूस असतो.

तिची सगळ्यात चांगली खेळाडू निकिता, एका द्राक्षबागायतदाराची मुलगी. निकिता धावायला लागली की शुभांगीचे ओठ हलतात, ‘पाय हाताखाली, पाय हाताखाली.’ जमीन सोडताना पाऊल वरच्या हाताच्या बरोबर खाली हवं. पुढे पडलं तर पोल खांदा उखडल्यासारखा हिसका देतो. मग गादीवर पाठीवर पडायचं, तेही मधोमध. ती पडेपर्यंत आम्ही दोघंही श्वास धरून उभे.

यंदा तिचं या वयोगटातलं शेवटचं वर्ष. दसऱ्यानंतर लगेच नाशिकला निवड स्पर्धा होती. तिथे निवड झाली तरच राज्याच्या संघात. खंडेनवमीला निकिताची आई पोल मागायला आली. त्यांच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टर, फवारणी पंप, छाटणीच्या कात्र्या, सगळ्यांची पूजा होते. “पोरीचं हत्यार तेवढं राहिलं तर कसं चालंल, बाई?” या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? शुभांगीने पोल दिला. आपटू नका, उन्हात ठेवू नका, पाणी सांडू नका, असं दारापर्यंत बजावत गेली. दसऱ्याच्या संध्याकाळी पोल हळदकुंकवासकट परत आला आणि तसाच, दुसऱ्या पोलसोबत, प्लास्टिकच्या लांब पाइपात घालून, गोधडीत गुंडाळून पिकअपच्या टपावर बांधला गेला.

स्पर्धेच्या मैदानावर शुभांगीने कुंकू पुसलं आणि बोळा फिरवला. मधल्या भागात कापूस अडकला. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा अडकला. पोलला गोल वेढा घालून केसाएवढी रेघ गेली होती.

निकिताची आई गॅलरीत डबा घेऊन बसली होती. शुभांगीने तिला खाली बोलावलं.

“इथं काय बांधलं होतं?”

“माळ. झेंडूची. लय घसरत होती वं बाई, पोल गुळगुळीत. मग बागेतल्या तारेनं आवळली. पक्कडीनं पीळ दिला जरा.” तिचा चेहरा उतरला. “का? काय झालं?”

शुभांगीने तो पोल बाजूला ठेवला. तिने दुसरा पोल उचलला. तो जुना, आखूड. निकिताचं वजन पेलणारा, पण निवडीची उंची त्याच्यावर तिने कधी गाठली नव्हती.

“मॅडम, नाही,” निकिता म्हणाली. “एवढीशी रेघ आहे. मला माझाच पोल द्या.”

“नाही.”

“माझं शेवटचं वर्ष आहे!”

“माहीत आहे मला.” शुभांगी त्या आखूड पोलवरून बोळा फिरवू लागली. खरं सांगतो, मारू दे एकदा, असं माझ्याही मनात आलं. पण शुभांगीने तो रेघ गेलेला पोल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “अहो, हा सोडू नका. तिने मागितला तरी.”

निकिता आखूड पोलवर जीव तोडून उडाली. शेवटच्या प्रयत्नात आडव्या दांडीवरून पाय गेले, कंबर गेली, आणि छातीला लागून दांडी तिच्यासोबत गादीवर आली. ती उठून बसली, पण बराच वेळ गादीवरून उतरली नाही. माझ्या हाताला पोल धरून रग लागली होती.

त्याच पिकअपने आम्ही परतलो. आमच्या अंगणात पोल उतरवताना निकिताची आई शुभांगीसमोर उभी राहिली.

“बाई, खरं सांगा. त्यो मोडला असता का?”

हो म्हण, मी मनात म्हणालो. एकदा हो म्हण आणि मोकळी हो. पोरगी राग सोडेल, आम्ही जेवू.

“माहीत नाही,” शुभांगी म्हणाली. “कदाचित नसताही मोडला.”

निकिताने झटकन वर पाहिलं. मग तिची नजर त्या पोलकडे गेली. शुभांगीनेही ते पाहिलं. पोल शाबूत राहिला तर ही पोरगी कधीतरी तो उचलणारच, हे तिला कळलं. ती आत गेली आणि माझी लोखंड कापायची करवत घेऊन आली. अंगणात बसून तिने पोल मांडीवर आडवा घेतला, पण तो गोल फिरत होता आणि पातं रेघेवर टिकेना.

निकिता तिच्यापुढे येऊन बसली. तिने करवत मागून घेतली, पोल खाली ठेवला, त्यावर गुडघा रोवला आणि पातं नेमकं त्या रेघेवर धरलं. ती रडत होती.

“थांब,” शुभांगी म्हणाली. “आधी नाकाला रुमाल बांध. त्याची भुकटी वाईट असते.”

निकिताने रुमालाने डोळे पुसले आणि तोच नाकाला बांधला.