ड तुकडी कुणाला द्यायची

बायको गेली तो मंगळवार होता. लातूरला शिकवणीवर्गात शिकवून ती खोलीवर आली, पाणी प्यायली आणि पडली. मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. फोन घरमालकिणीने केला.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तकं लावता लावता उठतो, व्हरांड्यात जाऊन येतो, पुन्हा तेच कपाट लावतो. कुणावर तरी राग धरावा असं वाटतं आणि माणूस सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते मान्य आहे. पण तिची तिथली सगळी वर्षं ज्यात गेली, त्याचं काय?

ती भौतिकशास्त्र शिकवायची. वर्गात चाचणीच्या गुणांवरून अ ते ड अशा तुकड्या पाडत. अ मधली मुलं मेडिकलला जाणार हे धरलेलंच असे. ड मध्ये हदगाव, भोकरकडून उशिरा आलेली, इंग्रजीला बिचकणारी. ती लागली त्याच जूनमध्ये तिच्याच विषयाचे एक सर लागले. शिक्षण दोघांचं सारखंच. हा आपल्या निलंग्याचा, घरचाच पोरगा, म्हणून संचालकांनी त्याला अ दिली. तिला आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि ड दिली. आम्ही बौद्ध. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्यानंतर कुणाला काही वाईट करावंच लागलं नाही. हे तिनेच मला एका रविवारी लातूरची गाडी लागायच्या आधी समजावलं होतं. अ चा निकाल चांगला लागतो, मुलांसोबत सरांचा फोटो चौकात झळकतो, पालक तेच सर मागतात, म्हणून अ पुन्हा त्यांना. ड चा निकाल कमी, म्हणून ड पुन्हा तिला. तिच्याकडे सुधारलेलं पोर पुढच्या चाचणीनंतर वरच्या तुकडीत जायचं आणि त्याचं यश सरांच्या खात्यात पडायचं. सगळं नियमाने. बोट ठेवावं तर ते त्या पहिल्या जूनवर, आणि तो कुणालाच आठवत नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत थट्टा चालायची. एकाने म्हटलं, "मॅडम, तुम्हाला काय चिंता, आरक्षणातून सरकारी नोकरी कधीही लागंल."

"लागली असती सर, तर तुमच्यासंगं हा पाणचट चहा कशाला पीत बसले असते?"

सगळे हसले. ती रात्री फोनवर मला हे सांगताना हसली नाही.

शेवटी ती संचालकांकडे गेली. तुकड्या एक वर्ष चिठ्ठ्या टाकून वाटा, एवढंच तिचं मागणं. एकदा तरी अ शिकवायला मिळावी, मग निकाल काय म्हणतो ते पाहू. ते दुखावले. म्हणाले, "मॅडम, मी जात मानत न्हाई. मी निकाल मानतो."

"तुम्ही मानता असं मी म्हणलंच नाही, सर. निकाल कुठून येतो, एवढंच विचारतेय."

पुढच्या जूनला बघू, म्हणाले. जून यायच्या आधी ती गेली.

खोली रिकामी करायला मी लातूरला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. ते रडले. खरंच रडले, त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली. तिचा फोटो लावू म्हणाले. मी चिठ्ठ्यांचं विचारलं.

"आता कशाला ते? त्या तर गेल्या."

"तुकड्या आहेत ना, सर."

मग कळलं, तिच्या जागी उदगीरकडची एक मुलगी घेतली आहे, आमच्यातलीच. तिला ड दिली. नवीन आहे, सुरुवात तिथूनच करायची असते, असं त्यांचं म्हणणं. निलंग्याचे सरही तेव्हा नवीनच होते, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो न पिता उठलो, बाहेर येऊन चौकापर्यंत चालत गेलो, परत फिरलो, पुन्हा चौकात आलो. 

त्यानंतर दोनदा जाऊन तेच विचारून आलो. बघू म्हणतात.

तिचा फोटो शिक्षकांच्या खोलीत लागला आहे. अ निलंग्याच्या सरांकडे आहे, ड त्या मुलीकडे. चिठ्ठ्या अजून टाकलेल्या नाहीत.