आधी चहा, मग बातमी

नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. दरवर्षी आम्हा मॅनेजर लोकांना हॉटेलच्या हॉलमध्ये कोंडून ट्रेनिंग द्यायचे. एसीची गार हवा, जेवणात पनीर आणि दुपारी डुलक्या. शिकून पुढं काय दिवे लावले, ते कुणी विचारत नसे.

यंदाचा विषय होता, माणसाला कामावरून कमी कसं करायचं. शिकवायला पुण्याच्या मॅडम. त्या म्हणाल्या, "वाईट बातमी पहिल्याच मिनिटात सांगा. उगाच गोल गोल फिरू नका."

मला कुठलं राहवतंय! जित्याची खोड. म्हणालो, "मॅडम, आमच्याकडं असं कुणी मयताचंसुद्धा सांगत न्हाई. आधी चहा पाजतो आमी."

"मग दाखवा करून."

कामगार व्हायला आमचे मोठे साहेबच हसत हसत खुर्चीत येऊन बसले. मी चहा मागवल्याचं सोंग केलं. शेतीचं विचारलं, पोरांच्या शाळेचं विचारलं. त्यांनी कप खाली ठेवेपर्यंत मुद्द्याला हात घातला नाही. गरम कप हातात असताना माणसाला असलं काही सांगू नये. मग हळूच म्हणालो, "तुमच्या कामात खोट न्हाई. पण वरून माणसं कमी करायला सांगितलंय."

हॉलमध्ये टाळ्या. साहेब पाठीवर थाप मारत म्हणाले, "लई भारी, राव! हे आपल्याला जमलं पाहिजे." मी आपला फुगलो.

पुढच्याच महिन्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बेल दाबून दोन चहा सांगितले.

"सोनईला शेती ना तुमची? कांदा काय म्हणतोय?"

इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी पाणी विचारलं नव्हतं. तिथंच कळलं.

दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल जसा होतो, तसं सगळं अंग झालं. राग यायला पाहिजे होता, आला नाही. मुलीचं इंजिनिअरिंग निम्मं राहिलेलं, आणि पन्नाशीतल्या मॅनेजरला दुसरीकडं कोण घेतंय? हेसुद्धा दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं डोक्यातून गेलं. "बरा हाय कांदा," म्हणालो आणि कप उचलला. तो काही मी खाली ठेवेना. थोडा प्यालो, उरलेल्यावर साय धरली, तरी धरून बसलो. साहेब एकदा घड्याळाकडं बघत, एकदा माझ्या हाताकडं. माणूस वाईट नव्हता. शिकलेलं नीट करत होता, एवढंच.

शेवटी मलाच कंटाळा आला. कप टेबलावर ठेवला.

"तुमच्या कामात खोट नाही," साहेब म्हणाले आणि अडकले. पुढचं आठवेना त्यांना.

"पण वरून माणसं कमी करायला सांगितलंय," मी म्हणालो.

"हां. तेच," ते म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले.

भर दुपारी घरी पोचलो. बायको दारातल्या ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. "अगंबाई, आज लौकर?" सुरुवात कशी करायची ते मी रस्ताभर जुळवत आलो होतो. उभ्या उभ्या, बूट न काढताच बोलून गेलो, "नोकरी गेली."

 ती उठली, माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि म्हणाली, "आत तर या आधी."

 तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि मला रडू फुटलं.