आक्कांना कोरा कॉम्प्युटर हवा होता

आमच्या आक्का अंगाला नवं कापड लावत नसत. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या घेत, तशी त्यांच्यासाठीही मी आणायची. त्या घडी हातात घेऊन बघायच्या, काठ चाचपायच्या आणि साडी माझ्या मांडीवर ठेवायच्या. "सुमन, तू एकदा नेस. मग मी घेते." मग मी ती साडी दिवसभर नेसून वावरायची, संध्याकाळी धुऊन वाळत घालायची आणि त्यानंतर ती आक्कांची व्हायची. शेजारणी हसायच्या. "भावजयीचं उतरलेलं नणंद नेसते, ही रीत कुठली गं?" मी मान खाली घालायची. आक्का म्हणायच्या, "आमच्या घरची."

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मुळशीकडच्या एका गावात दिली होती. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर वारज्याला भावाकडे आल्या, त्या कायमच्या. एका प्रसूतिगृहात आयाचं काम करायच्या. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं धुवायच्या, पुसायच्या, गुंडाळून त्यांच्या आईच्या कुशीत द्यायच्या. त्यांची छत्री, घड्याळ, चष्म्याची डबी, स्टोव्ह, सगळं जुन्या बाजारातलं. "नवी वस्तू नखरा करती," असं त्या म्हणायच्या. "जुनीला वळण लागलेलं असतं." मला वाटायचं, बाई काटकसरीची आहे. त्यापलीकडे मी कधी विचार केला नाही.

पण वस्तीत आणि वस्तीबाहेरही आक्कांना लोक ओळखायचे ते गाण्यासाठी. कुणाच्या घरी माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, त्या गेलेल्या माणसाचं गाणं आक्का म्हणायच्या. प्रत्येकाचं वेगळं. आदल्या दिवशी त्या घरी जाऊन बसायच्या आणि बारीकसारीक विचारायच्या. चहा कपातनं प्यायचा का बशीतनं? रागावला की कुठं जाऊन बसायचा? झोपेत बोलायचा का? घरचे आधी गोंधळायचे, मग एकेक जण बोलायला लागायचा. त्यांना गाणं लिहायला येत नव्हतं, कारण अक्षरच येत नव्हतं. बांधायच्या डोक्यातच. वस्तीतले एक पोस्टमन वारले तेव्हाचं एवढंच मला आठवतं:

दारोदारी पत्र दिलं, आपल्या दारी थांबला न्हाई
सायकल उभी भिंतीला, तिची घंटी वाजत न्हाई

हे म्हटलं आणि पोस्टमनच्या थोरल्या मुलाने, जो बापाशी कैक वर्षं बोलत नव्हता, भिंतीला डोकं लावलं.

असं गाणं त्या एकदाच म्हणायच्या. कुणी वर्षश्राद्धासारखं वर्षाने बोलावून तेच म्हणा म्हटलं, तर साफ नाही. "ज्याचं होतं त्याला वाढलं. आता उष्टं कुणाला वाढू?" आधी गुणगुणूनही दाखवायच्या नाहीत. एका घरी लोकांनी चोरून टेप केलं, आणि पुढे त्याच कॅसेटवर पोरांनी सिनेमाची गाणी भरली. आक्कांना ते कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "मेलेल्यावर नाचले गं," एवढंच म्हणाल्या.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा नुकतीच हिंजवडीला एका कंपनीत लागली होती. कंपनीची बस चौकात यायची. प्रज्ञा गळ्यात कार्ड घालून निघाली की आक्का दारात उभ्या राहून ती बसमध्ये चढेपर्यंत बघायच्या. त्याच सुमारास आक्कांचा आवाज बसला. सर्दी म्हणून काढा घेतला, मग औषधं, मग मोठ्या दवाखान्यात तपासण्या. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. आक्कांचा हात धरून म्हणाल्या, "मावशी, आपण ऑपरेशन करू. जीव वाचेल. पण आवाज राहणार नाही."

आक्कांनी विचारलं, "अजिबात?"

"अजिबात."

"कवा करायचं?"

पुढच्या महिन्याच्या अखेरीची तारीख मिळाली. घरी येताना रिक्षात आक्का प्रज्ञाला म्हणाल्या, "तुझ्या त्या कॉम्प्युटरात गाणं ठेवता येतं म्हनं. पुसून जात न्हाई?"

"आत्या, नीट ठेवलं तर नाही जात. कॉपी काढता येतात. हव्या तेवढ्या."

"एकच गाणं हाय. माझ्या लेकराचं."

आक्कांना मूल झालं होतं आणि बारशाच्या आधीच गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता. साऱ्या गावाची गाणी बांधली, त्याचं बांधलं नव्हतं. "त्याला नाव न्हाई," त्या म्हणाल्या. "बिननावाचं गाणं कसं म्हणायचं? आता नाव ठरवलंय मी. गाण्यातच ठेवलंय. गाणं म्हणंन तवाच कळंल."

प्रज्ञाने शनिवार पेठेत एक दुकान शोधून काढलं. तिथे नवे कॉम्प्युटर जोडूनही मिळायचे आणि कंपन्यांनी काढून टाकलेले जुनेही. आम्ही तिघी गेलो. दुकानदार पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "जुना की नवा?"

"दोन्ही बघायचेत," प्रज्ञा म्हणाली.

"बघायला प्रदर्शन नाही हे. काय काम करायचंय?"

"घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. एकच."

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. आक्कांचा बसलेला आवाज ऐकून की काय, त्यांचा सूर थोडा उतरला. त्यांनी आम्हाला एक जुना कॉम्प्युटर लावून दाखवला. पिवळट पडलेला, चालू केला की आतला पंखा घरघरायचा. प्रज्ञाने माइक जोडून "हॅलो, हॅलो" केलं, आणि तिचाच आवाज त्या घरघरीतून परत आला. "एका गाण्याला हा खूप झाला," दुकानदार म्हणाले. "आत्ता रिक्षात घालून न्या. नव्यात आवाज स्वच्छ येईल, पण तो मागवून, जोडून द्यावा लागतो. आणि गळा जुनाच असला तर नव्या डब्याने काय फरक पडतो?"

प्रज्ञा म्हणाली, "आत्या, हाच घेऊ. आजच म्हणता येईल. नवा घ्यायचा तर माझी नोकरी पक्की झाल्यावर, म्हणजे पुढच्या महिन्यात."

आम्ही धरूनच चाललो होतो की आक्का जुनाच घेणार. जुन्या बाजारातली बाई. पण त्या त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग दुकानदारांना म्हणाल्या, "ह्यात आधी काय होतं?"

"कंपनीतला आहे. लोकांचे पगार, रजा, असलं काहीबाही. सगळं पुसलंय आम्ही. पाटीसारखा कोरा."

"पुसलेलं म्हंजे कोरं नव्हं," आक्का म्हणाल्या. "मला कोरा पायजे."

"अहो बाई, कॉम्प्युटर आहे, साडी नव्हे."

"म्हाईत हाय मला काय हाय ते," असं म्हणून आक्का दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. प्रज्ञा चिडली होती. "आई, तू सांग ना त्यांना काहीतरी!" मी काय सांगणार? चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

बसस्टॉपवर आक्कांनी आपणहून सांगितलं. मूल गेलं तेव्हा त्याला गुंडाळायला घरात कोरं कापड नव्हतं. मेलेल्याला कोरं कापड घालतात, मग ते दोन हातांचं का असेना. दुकान लांबच्या गावाला. सासू म्हणाली, एवढ्याशा जिवाला कशाला कोरं, आणि जुन्या लुगड्याचं टोक फाडून दिलं. "धुतलेलं होतं," आक्का म्हणाल्या. "पर वापरलेलं. कुणाकुणाचा घाम त्यात. तसाच नेला त्याला. म्या तवाच ठरवलं, त्याला न्हाई मिळालं ते मला नको." मग प्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, "आता पुन्हा त्याला कुणाच्या तरी उतरलेल्यात ठेवू व्हय गं?"

प्रज्ञाने त्यांचा हात धरला. नवा घ्यायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी तो नक्की येईल, मध्ये दोन-तीन आठवडे हाताशी आहेत, असा हिशेब तिने केला. हिशेबात चूक नव्हती.

त्या दिवसांत आक्का गाणं बांधत होत्या. दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारायच्या तसं स्वतःलाच विचारायच्या. मी पोळ्या करत असायची आणि त्या भांडी घासत असायच्या. मध्येच पुटपुटायच्या, "उताणा झोपायचा का कुशीवर?" थांबायच्या. मग स्वतःच सांगायच्या, "उताणा. मुठी वर करून." पुन्हा भांडी. "रडताना आवाज कसा होता?" ह्याला मात्र खूप वेळ उत्तर येत नसे. एवढ्याशा आयुष्यातून किती गोष्टी निघणार? पण त्या शोधत राहिल्या, आणि जेवताना मधूनच त्यांचा चेहरा उजळायचा. हे विचारायचे, "आक्का, काय झालं?" तर म्हणायच्या, "सापडलं एक."

प्रज्ञाची नोकरी पक्की झाली. कॉम्प्युटर सांगून झाला. तो यायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी आक्कांना श्वास घेता येईना. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ओठ निळे पडले. ह्यांनी शेजाऱ्याच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. गळ्याला पुढून भोक पाडून नळी घातली तेव्हा त्या वाचल्या. मग तारखेची वाट न बघता ऑपरेशनही लगेच करून टाकलं. आम्हाला आत सोडलं तेव्हा आक्का जाग्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नुसतीच हवा आली, तीही तोंडातून नाही, गळ्यातून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी आल्या तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर मांडलेला होता. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. प्रज्ञा म्हणत होती, तो परत करू, आत्यांच्या डोळ्यांसमोर नको. पण आक्का त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसल्या. प्लास्टिक स्वतः काढलं. हात फिरवला. मग प्रज्ञाला खूण केली: लाव.

"आत्या, काय लावू?"

पुन्हा तीच खूण. लाव.

दुपारची वेळ होती. प्रज्ञाने माइक त्यांच्या तोंडापाशी धरला आणि बटण दाबलं. आक्का ताठ बसल्या, पुण्यानुमोदनाला बसायच्या तशाच, उजवा हात गुडघ्यावर. आणि गाऊ लागल्या. ओठ हलत होते, भुवया चढत होत्या, गुडघ्यावर बोटं ताल देत होती. आवाज नव्हता. पडद्यावर एक रेघ पुढे सरकत होती, जवळजवळ सपाट. आक्कांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. त्या आपल्या लेकराकडे बघत गात होत्या, जे तिथे नव्हतं. एका जागी त्यांचे ओठ दोनदा मिटले आणि चेहऱ्यावर हसू आलं. तेव्हा मला वाटलं, हे नाव.

गाणं संपलं. आक्कांनी प्रज्ञाकडे बघून हात हलवला: आलं का?

प्रज्ञाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आलं, आत्या," ती म्हणाली. "पूर्ण आलं. स्वच्छ आलं."

आक्कांना ते पटलं. आजवर लोकांना अवघड अवघड प्रश्न विचारून खरं काढून घेणारी बाई, तिला ते पटलं. कोऱ्या यंत्राला आपल्याला ऐकू येत नाही तेही ऐकू येत असेल, असं तिला वाटलं असावं. दवाखान्यात तिने तसली यंत्रं पाहिली होती, डॉक्टरांच्या कानालाही न कळणारं कागदावर उतरवणारी.

त्यानंतर आम्हाला नाव विचारता येईना. विचारलं असतं तर खुणेने, ओठांनी, एकेक अक्षर म्हणून त्यांनी सांगितलं असतं. पण विचारणं म्हणजे गाणं आलं नाही असं सांगणं. एकदा भाजी निवडताना आक्कांनी दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. नाव चांगलं आहे ना?

"छान आहे, आक्का," मी म्हणाले. त्या खुशीत भाजी निवडत राहिल्या.

आक्का ते वर्ष जेमतेम काढून गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला माणूस मावत नव्हतं. वंदना झाली. सवयीने सगळे बसूनच राहिले, पुढचं गाणं ऐकायला. थोड्या वेळाने एकेक जण उठला.

तो कॉम्प्युटर केव्हाच गेला. प्रज्ञाने त्यानंतर बरेच बदलले, पण नवा आला की आधी ते गाणं त्यात ठेवते. तिच्याकडे राहायला गेले की मी ते लावायला सांगते. त्यात आमच्या नळाचं पाणी ऐकू येतं, माझ्या बांगड्या ऐकू येतात. आणि ओळ सुरू होण्याआधी आक्कांनी घेतलेला श्वास, गळ्याच्या त्या भोकातून. श्वास येतो आणि पुढे काही नाही. पुन्हा श्वास. त्यावरून कडवी कळतात.

ओठ दोनदा मिटतील अशी नावं मी घरातलं करता करता मनात म्हणून बघते. एखादं जुळल्यासारखं वाटतं. पण मोठ्याने कधी म्हणत नाही. चुकीचं नाव त्या लेकराला लागायला नको.