फरशीवरचा देव

"फरशी उचलायची तं आधी देवाले विचारा," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी पानाची पिचकारी टाकली.

मी पाहिलं. कालपर्यंत ते जिथं लोडाला टेकून पत्ते पिसत बसायचे, त्या फरशीच्या कोपऱ्यात एक गोटा बसवला होता. वर शेंदूर, तोही अजून ओला. आदल्या दिवशीच मी गल्लीत फरश्या काढायच्या नोटिसा वाटल्या होत्या. म्हणजे देव नोटीस वाचून आला होता! माझं डोकं असं सणकलं, की विचारू नका.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, वाशीमची. मी नगरपालिकेत ओव्हरसिअर, म्हणजे रस्ते-नाल्यांची कामं पाहणारा माणूस. त्या गल्लीतली नाली चांगली खोल, दगडी बांधणीची. पण प्रत्येकानं दारासमोर तिच्यावर फरशी टाकून ओटा केलेला. संध्याकाळी सगळी गल्ली त्या ओट्यांवर. गप्पा, पत्ते, तांदूळ निवडणं, सगळं तिथंच. मजा होती, खोटं कशाला बोलू? फक्त फरश्यांखाली गाळ साचत गेला आणि तो काढायला फावडं आत जाईना. गाळानं नाली भरली, की पाणी रस्त्यावरून धावतं आणि उताराच्या शेवटच्या घरात शिरतं.

ते शेवटचं घर यमुनाबाईंचं. बौद्ध वस्ती तिथूनच सुरू व्हायची. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घराच्या भिंती मातीच्या. नोटिसा निघाल्या त्या या बाईमुळेच. सरळ ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या होत्या.

"सायेब, मांगच्या साली चूल बुडाली, मी बोलली नाही. औंदा माही पोरगी पयल्या बायतपनाले येऊन राह्यली. आखाडात दिवस भरतात. तिची बाज कुठी टाकू, पान्यात?"

"करतो बाई."

"करतो नाही. कधी, ते सांगा."

आखाडाच्या आधी, असा शब्द देऊन बसलो होतो मी. आणि आता हा देव! मजुरांनी पहारी खाली ठेवून हात जोडले. मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पोलीस घ्या आणि काढा." पोलीस घेऊन देव हलवायचा? वाशीम पेटलं असतं. बरं, बापूसाहेबांची फरशी सगळ्यात मोठी. ती हलत नाही तोवर बाकीचे कशाला हलवतील?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गल्लीत गेलो. बापूसाहेब देवाशेजारीच पान चघळत बसलेले. यमुनाबाईही तिथं आल्या. दोन्ही हात कमरेवर.

"आमी तं देवधर्म सोडला, बापूसायेब. पन तुमचा देव इथं बसला अन् तुमी त्याच्या बाजूले थुकता, हे काई बरं नाही दिसत."

गल्ली खो खो हसली. बापूसाहेबांच्या पत्नीनं, म्हणजे गल्लीच्या काकूंनी, मात्र दारातून ऐकलं आणि त्यांचा चेहराच बदलला. काकू खऱ्या भाविक. मीही संधी साधली. चपला काढल्या, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "बरोबर आहे. देव आहे म्हटल्यावर चपला खाली, पान बंद, पत्ते बंद!"

"बंदच," काकू म्हणाल्या.

मग काय सांगू! पहाटे घंटा, संध्याकाळी आरती. शेजारच्या बायका फुलं घेऊन हजर. लोड आत गेला. पत्त्यांचे भिडू समोरच्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तिथून बापूसाहेबांना हाका मारू लागले. मी जाता-येता नारळ फोडायचो. बापूसाहेब आपल्याच दारात उभे, तोंडात पान नाही, बसायला जागा नाही. मला इतका आनंद पगारवाढीनंही झाला नव्हता.

शेवटी ते स्वतः ऑफिसात आले.

"ओव्हरसिअर, काहून माह्या जीवावर उठले तुमी?"

"मी? मी तर रोज दर्शनाला येतो."

"देवाले कोपऱ्यावरच्या लिंबाखाली नेऊ. सावली बी हाय."

"आणि फरशी?"

"उचला बाप्पा! पन परत टाकून देजा."

"टाकतो. पण लोखंडी कड्या बसवून. दरसाल पावसाच्या आधी उचलायची."

देव वाजतगाजत लिंबाखाली गेला. बापूसाहेबांनी रिठद गावच्या शेतावरून बैलजोडी आणली आणि दोर बांधून आपली फरशी आपणच ओढली. त्यांची निघाल्यावर बाकीच्यांना तोंड राहिलं नाही. उलट कोणाची जोडी मोठी फरशी ओढते याची चुरस लागली. पोळ्यासारखा गोंधळ! गाळात बापूसाहेबांचा पितळी पानडबा सापडला. तो चोरल्याचा आळ त्यांनी एका भिडूवर घेतला होता. त्या भिडूनं तो डबा वाजवत अख्खी गल्ली फिरून काढली.

गाळ निघाला, कड्या लावून फरश्या परत बसल्या आणि आखाडात एका दुपारी आभाळ फाटलं. मी छत्री घेऊन धावलो. पाय भिजले, पण रस्त्यावरून पाणी धावत नव्हतं. ते सगळं फरश्यांखालून घोंगावत चाललं होतं. काय गोड आवाज हो तो!

यमुनाबाई दारात. "सायेब, आत येऊ नका, बायतीन हाय! नात झाली मले! चूल पेटून हाय, पाहा!"

मागं वळून पाहतो तर बापूसाहेब, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात तुपाचा डबा.

"तुमच्या काकूनं देल्लं, बायतिनीसाठी," ते ओशाळून म्हणाले.

"या ना, बसा वट्ट्यावर," यमुनाबाई म्हणाल्या. "फक्त थुकू नका."

आता पाऊस बदललाय. महिन्याभराचं पाणी एका दुपारी कोसळतं आणि शहरं तुंबतात. नवे इंजिनिअर विचारतात, नाली किती रुंद करू? मी म्हणतो, करा रुंद, लागणारच आहे. पण वरच्या फरशीला कड्या लावा. आणि तिच्यावर एखादा देव बसलाच, तर भांडू नका. चपला काढा, नमस्कार करा आणि मालकालाही चपला काढायला लावा. देव आपोआप उठतो.