झाड उतरवणारा सहादेव

झाड पाडणारे पुष्कळ मिळतात. मोकळ्या रानातली बाभळ कोणीही कुऱ्हाड घेऊन आडवी करील. पण दोन घरांच्या मध्ये उभं असलेलं झाड, कशाला धक्का न लावता, फांदी फांदी करून खाली आणायचं असलं की आमच्या काष्टी गावात लोक सहादेवला निरोप धाडत. तो वर चढायचा आणि खाली दोर धरायला त्याचा मेहुणा आसाराम.

आसाराम दोराचे दोन वेढे बुंध्याला मारायचा, टाच रोवायचा आणि मान वर करून उभा राहायचा. वरून सहादेव ओरडायचा, "सोड." मग, "धर." एवढ्यावर काम चालायचं. शेवटी बुंधा ओढायला मात्र अख्खी आळी दोराला लागायची. मीही लागलोय, हात सोलवटून घेतलेत आणि वर आसारामच्या शिव्याही खाल्ल्यात. नंतर पडलेल्या फांद्यांवर बसून सगळ्यांनी चहा प्यायचा. तो चहा मला अजून आठवतो. हल्लीचा नुसता गोड असतो.

सहादेवची बायको छबूबाई मात्र तिकडे कधी फिरकायची नाही. नवऱ्याच्या कमरेचा घायपाताचा दोर ती स्वतः वळून द्यायची, पण त्याला झाडावर बघणं तिला सोसायचं नाही. "खाली दादा हाय ना," म्हणायची आणि घरी ज्वारी निवडत बसायची. दादा म्हणजे आसाराम, तिचा सख्खा भाऊ.

मागच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आसाराम गेला. दोर धरायला माणूस राहिला नाही. त्यात झुंबरबाईच्या घरामागचा कडुलिंब बुंध्यात पोकळ झालेला, सगळा भार तिच्या पत्र्यावर कललेला. पावसाच्या आत उतरवणं भाग होतं, म्हणून श्रीगोंद्याहून क्रेन मागवली.

क्रेन चालवणारा कल्याण तरणा गडी होता, पण कामाला पक्का. बोळात क्रेन शिरेना, तर ती घराच्या पुढेच उभी केली, चाकांखाली फळ्या घातल्या, वायरमनकडून लाइट बंद करून घेतली आणि क्रेनचा दांडा घरावरून मागे नेला. त्या दांड्याखाली कोणाला उभं राहू देईना. मला तर दंडाला धरून लांब नेलं. राग आला, खोटं कशाला सांगू? पण त्याचं बरोबर होतं.

मग तो सहादेवला म्हणाला, "मामा, मधी घर हाय, मला झाड दिसत न्हाई. इंजिनात हाक बी ऐकू येत न्हाई. घराच्या कोपऱ्यावर, दोन्हीकडचं दिसंल असा एकच मानूस उभा करा. अंगठा वर म्हंजे उचल, पंजा खाली म्हंजे सोड, मूठ म्हंजे थांब. मी त्याच्याच हाताकडं बघनार."

आळीतले आम्ही सगळे पुढे सरसावलो. सहादेवनं आमच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "हिला उभं करा."

भाऊ गेल्यापासून छबूबाईला घरी बसवेना, म्हणून ती त्या दिवशी झुंबरबाईच्या ओसरीवर येऊन बसली होती. "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली.

"ही समदी झाडाकडं बघत्याल," सहादेव म्हणाला. "तू माझ्याकडं बघशील."

ती कोपऱ्यावर उभी राहिली. सहादेव चढला, वरच्या मोठ्या फांदीला क्रेनचा पट्टा आवळला आणि दोन फांद्यांच्या दुबेळक्यात पाय रोवून करवत हातात घेतली. छबूबाईनं अंगठा वर केला. पट्टा ताणला, फांदी थरथरली. आमची नजर पत्र्यावर आणि दोर ओढायची जुनी खोड तोंडात. "घे, घे, आनखी घे," आम्ही ओरडत होतो.

छबूबाईनं मूठ वर केली. क्रेन जागच्या जागी थांबली.

"आता काय झालं?" सहादेव वरून खेकसला.

दुसऱ्या हातानं ती आपली कंबर दाखवत राहिली. सहादेवनं आपल्या कमरेचा दोर कुठं बांधलाय ते बघितलं. जन्मभर त्यानं कमरेचा दोर डोक्यावरच्या फांदीला बांधला होता, कारण दोरावरच्या कामात खालच्या फांद्या आधी जायच्या आणि वरची त्याला धरून ठेवायची. क्रेनचं काम वरून सुरू होतं. जी फांदी क्रेन उचलून नेणार होती, तिलाच त्यानं स्वतःला बांधून घेतलं होतं. करवत चालली असती तर तो फांदीबरोबर पत्र्यावरून फरफटत गेला असता. आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तो दोर सोडून खाली आला. भिंतीला टेकून पाणी प्याला. छबूबाईची मूठ तशीच वर होती, आणि तिकडे कल्याण तिच्याकडे बघत कशालाही हात न लावता बसला होता.

सहादेव तिच्याजवळ गेला. "हात खाली घे. त्यो गडी खोळंबलाय."

"आता चढू नका."

"दोर बुंध्याला बांधतो. एवढं उतरवू दे. पुन्हा न्हाई चढनार."

"असं लई डाव म्हनलाय."

मग सगळ्या आळीसमोर, जन्मात पहिल्यांदा, सहादेवनं तिची ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"आसारामची आन," तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिनं मूठ उघडली.