आवाजाची हिरवी पट्टी

गेल्या महिन्यात मुलीनं विचारलं, "बाबा, आपल्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंग होईल का? साधं शिकण्यापुरतं." ती यवतमाळला कॉलेजात आहे आणि सध्या तिच्या डोक्यात हेच खूळ आहे. मी जेवत होतो. "होते," म्हणालो.

"असं कसं? तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, जुन्या लॅपटॉपमुळं धंदा बसला. त्याला काही ओढवत नव्हतं म्हणून."

ते खरं होतं. म्हणजे, मी तसं सांगत आलो हे खरं होतं. इतकी वर्षं, इतक्या लोकांना सांगितलं की घरातही ते पाठ झालं.

आमच्या नेर गावात बसस्टँडच्या मागच्या ओळीत माझा गाळा होता. पाटीवर फोटो, व्हिडिओ शूटिंग, मिक्सिंग असं सगळं लिहिलेलं. अजूनही तोच गाळा आहे, फक्त आता तिथं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची कामं चालतात. त्या काळी लग्नाची शूटिंग करून ती कापून, जोडून, गाणी टाकून सीडी बनवायची, याला आमच्याकडं मिक्सिंग म्हणत. मोठ्या गावांत त्यासाठी मोठाले कॉम्प्युटर असत. पण आमच्याकडं भारनियमन इतकं, की कॉम्प्युटर घेऊन त्याची पूजाच करायची. म्हणून लॅपटॉप. निदान बॅटरीवर दम धरेल.

तो आणून दिला शेजारच्या गाळ्यातल्या भाईंनी. ते रेडिओ, टेप, मिक्सर असं काहीही उघडून बसायचे. अमरावतीहून कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप त्यांनी आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बाजारात बैल दाखवावा तसा.

"भाई, इसपे मिक्सिंग चलेगी?"

"चलेगी. दौड़ाना मत."

मी तो पळवायलाच घेतला. लग्नं सगळी उन्हाळ्यात. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे टेबलाला हात टेकवत नाही असा. लॅपटॉप खालून इतका तापे की मी त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घालायचो आणि ताटाखाली ओलं फडकं. वरच्या बाजूलाही, कीबोर्डच्या कडेला, एक पिळलेला रुमाल. कूलर असे, पण वीज असली तर. कॅमेऱ्यातली एका तासाची कॅसेट लॅपटॉपात घ्यायला एक तास लागे, आणि ती त्याचं निम्मं पोट भरून टाकी. नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलातून उमलताना दाखवायची तेव्हा फॅशन होती. तो गुलाब उघडायला लागला की लॅपटॉप अर्ध्या पाकळीवर थांबायचा. गिऱ्हाईक मागं बसलेलं असायचं, विचारायचं, "बंद पडला का?" मी म्हणायचो, "नाही, इचार करून राह्यला."

आणि कापूस. त्या वर्षांत भाव येत नव्हता म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. दिवाळीत वेचलेला कापूस वैशाखातल्या लग्नापर्यंत आतल्या खोलीत छताला टेकलेला. वऱ्हाडातली पोरं त्यावर उड्या मारत, म्हातारी माणसं त्याला टेकून झोपत. मी एका जोडप्याचा फोटो त्या ढिगावर बसवून काढला, तर मग सगळ्यांनाच तसा हवा झाला. लग्नंही आटली होती. रिसेप्शन गेलं, बँड गेला, पण शूटिंग कुणी सोडत नसे. फक्त म्हणत, "एकाच कॅसेटात बसव बाबू." त्या घराघरांतून माझ्या पिशवीबरोबर कापसाचे तंतू यायचे. एकदा लॅपटॉपचा पंखा घरघरून थांबला तेव्हा भाईंनी तो उघडला आणि चिमट्यानं आतून पांढरा बोळा काढला. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "लो, बत्ती बनाओ. मंदिर में लगाना, मेरा नाम लेके." आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो. भाई आता नाहीत. त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.

हे सगळं आठवायला बरं वाटतं. पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्यातल्याच एका उन्हाळ्यात एका तांड्यावर लग्न होतं. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वेगळी वस्ती. माझ्याशी ते आपल्यासारखंच बोलायचे, आपसात त्यांची गोरबोली. मला ती येत नव्हती आणि यावी असं वाटलंही नव्हतं. लग्न झालं, जेवणं झाली, मुलगी निघायची वेळ झाली. तिनं आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, डोकं तिच्या खांद्यावर ठेवलं आणि मोठ्यानं सुरू केलं. आई पण रडू लागली. मी अगदी जवळ होतो, मुलीच्या तोंडासमोर. कानाला हेडफोन, डोळा कॅमेऱ्याला. प्रत्येक ओळ "याडी ये" अशी सुरू व्हायची. याडी म्हणजे आई, एवढं मला ठाऊक होतं. बाकी मला ऐकू आलं ते रडणं. चांगला शॉट मिळाला याचा आनंद झाला, हे पण सांगून टाकतो.

मिक्सिंगमध्ये बिदाईचं एक ठरलेलं काम असे. रडण्याचा आवाज काढायचा आणि सिनेमातलं गाणं टाकायचं. गिऱ्हाइकाला तेच आवडायचं. पडद्यावर चित्राच्या पट्टीखाली आवाजाची हिरवी पट्टी दिसायची. मी ती हिरवी पट्टी निवडली आणि उडवली. तिच्या जागी गाणं आलं. सीडी तयार झाली, मुलीचा भाऊ येऊन घेऊन गेला.

थोड्याच दिवसांनी मुलीची आई दुकानात आली. एकटी. बसस्टँडवरून भर उन्हात चालत, सीडी ओढणीच्या टोकात बांधलेली.

"बेटा, याच्यातला ढावलो कुठं गेला?"

"काय, मावशी?"

"ढावलो. माह्या पोरीनं म्हटला तो. गाणं कायले वाजते तिथं?"

मी म्हणालो, तिथं तर ती रडत होती. मावशी माझ्याकडं असं पाहायला लागली की जणू मी भाकरीला दगड म्हणालो. मग तिनं मला बसून समजावलं. नवरी निघताना म्हणते तो ढावलो. ते रडणं दिसतं, पण ते म्हणणं असतं. आईला काय म्हणायचं, भावाला काय, घराला काय, हे ज्या त्या मुलीचं तिचं तिनं जुळवायचं. मोठ्या बाया आधी शिकवतात, पण शब्द तिचे. "तिनं मले काहीतरी म्हटलं रे त्याच्यात. लय म्हटलं. पण मी रडत होतो, मले ऐकूच नाही आलं. म्हटलं, सीडी येईन तवा ऐकू."

"तिले फोनवर विचारा ना."

"विचारलं. म्हणते, याडी, मले काय आठवते, तोंडात आलं ते आलं."

"मग पुन्हा म्हणायले लावा एकदा. मी येतो कॅमेरा घेऊन."

"असा कोणत्याबी दिवशी म्हणत नाही तो. मुलगी निघते त्याच दिवशी."

तिची कॅसेट त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात होती. माझा गुडघा त्या खणाला टेकलेला होता. कॅसेट पुन्हा आत घ्यायची, हिरवी पट्टी परत लावायची, सीडी पुन्हा काढायची, एवढंच. लॅपटॉपला जमलं असतं. वीज सांभाळत एक दिवस गेला असता. पण दुसऱ्या दिवशी दुसरी वरात होती, तिसऱ्या दिवशी तिसरी, आणि मला कंटाळा आला. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

मी म्हणालो, "मावशी, लॅपटॉप कमजोर हाय. दोन आवाज एकदम नाही झेपत त्याले. तो आवाज उडून गेला."

तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. खाली ताट, त्याखाली फडकं, वर ओला रुमाल. "ताप आला काय याले?" तिनं विचारलं. ती गंमत करत नव्हती. मी होकाराची मान हलवली. मग तिनं सीडी परत ओढणीत बांधली. "राहू दे मग. म्हाताऱ्याले कायले तरास द्यायचा," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत नवी कॅसेट हाताशी नव्हती. मी खणातली तीच घेतली. वरचं नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि कॅमेऱ्यात घातली. एकाच कॅसेटात बसवायचं लग्न होतं. काठोकाठ भरली.

त्यानंतर दोष द्यायला मला लॅपटॉपच बरा पडायला लागला. काही बिघडलं, उशीर झाला, की लॅपटॉप कमजोर. पुढं मोबाइलवर जो तो शूटिंग करायला लागला आणि दुकान बसलं, ते पण त्याच्याच माथी. तो कपाटावर पडून होता. माझ्या मुलीनं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो खाली काढला, पुसला, चार्जरला लावला. सुरू झाला. त्याचं ते जुनं घरघरणं ऐकलं आणि मी पिशवीत घालून तांड्याची एसटी धरली.

मावशी आता पुष्कळ थकली आहे. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी कोण ते सांगावं लागलं. मग ओळख पटली. "तू तो शूटिंगवाला. बैस. पोर माही चांगली हाय, पुण्याकडं असते, तिच्याच पोरीचं लग्नाचं वय होऊन राह्यलं."

मी बसलो. ती शेंगा सोलत राहिली.

"मावशी, त्या वेळी लॅपटॉपनं काही नाही केलं. तो ढावलो मी कापला. तुम्ही आल्या तवा कॅसेट खणातच होती. करता आलं असतं. मी खोटं बोललो. मग त्या कॅसेटवरच दुसरं लग्न काढलं."

तिचे हात थांबले. समोरच्या बाभळीकडं पाहत ती म्हणाली, "मी तं तुह्या मशीनची कीव करत होतो इतके वर्षं." आणि मग, माझ्याकडं वळून, "तू जवळच होता. कानाले लावून होता. मले नाही आलं ऐकू. तुले आलं होतं."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. तिच्या मुलीनं त्या दिवशी जे म्हटलं, ते जगात सगळ्यात स्पष्ट मला ऐकू आलं होतं. हेडफोनमधून, श्वासासकट.

"आठव ना काही," ती म्हणाली.

मी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटले. "याडी ये," म्हणालो.

"ते तं सगळ्याच म्हणतात रे."

दुसरं काही नव्हतं माझ्याकडं. ती रागानं उठली असं मला वाटलं. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात तीच सीडी होती, चरे पडलेली, माझ्या दुकानाचा शिक्का अर्धा पुसलेला.

"मी टीव्हीचा आवाज बंद करून पाह्यतो हिले," ती म्हणाली. "तोंड दिसते ना पोरीचं. तोंडावरून समजते. एका ठिकाणी गाय म्हणते. आपली गाय होती तवा. पुढं म्हणते, दूध. मंग लय लवकर म्हणते तं मले समजत नाही. आता तं सीडीवाला डब्बाच बंद पडला."

मी लॅपटॉप काढला, दाराजवळच्या बोर्डाला चार्जर लावला. सीडी आत घातली, ती खरखरली, मग लागली. गाणं बंद केलं. बिदाईपर्यंत नेलं. आणि मग मला जे येतं ते केलं. चित्राचा वेग कमी केला, निम्मा, मग त्याच्याही निम्मा. मुलीचं तोंड हळूहळू उघडू लागलं, हळूहळू मिटू लागलं. मावशी शेंगा भरलेलं सूप बाजूला सारून पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचा श्वास काचेवर उमटत होता. ओठांची तीच हालचाल ती स्वतःच्या ओठांनी करून पाहत होती, आवाज न काढता.

"गाय," ती म्हणाली. "हे पाह्य, गाय." मग थोड्या वेळानं, "तू… तू पाज… नाही. मागं घे."

मी मागं घेतलं. लॅपटॉप तापला होता, पंखा ओरडत होता. मी खांद्यावरचा रुमाल रांजणात भिजवून पिळला आणि त्याच्या कडेला ठेवला. तिनं ते पाहिलं. पुन्हा तीच जागा आली. मुलीचं तोंड अर्धं उघडलं आणि चित्र तिथंच थांबलं.

"बंद पडला का?"

"नाही," मी म्हणालो. "इचार करून राह्यला."

मी बटण दाबायला बोट पुढं केलं, तर तिनं माझं मनगट धरलं. "राहू दे," ती म्हणाली. "घाई नको करू त्याले." आणि आम्ही दोघं तिथं बसून राहिलो, मुलीचं तोंड मिटायची वाट पाहत.